ओसरीवरून : दाराशीं अडलेलीं पानें

गेल्या अंकांत अधिक मासाच्या गणिताविषयीं लिहीन असें कबूल केलें होतें, आणि तें टिपण तयारहि होतें. परंतु मध्यंतरीं आमच्या घरांत असा एक प्रसंग घडला कीं, त्यापुढें अधिक मास खुशाल थांबूं शकतो असें मला वाटलें. प्रसंग संगणकाचा आहे. 'मास्तर, आपण आणि संगणक ?' असें विचारणारे कांहीं वाचक आहेत हें मी जाणून आहें. त्यांस एवढेंच सांगतों कीं, सेवानिवृत्तीनंतर सुनांच्या स्वयंपाकांत लुडबूड करण्यापेक्षां हें व्यसन घरास कमी उपद्रवाचें, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती कशी खोटी ठरली तेंच आज लिहावयाचें आहे.

माझ्या वडील बंधूंचें (आम्ही सारे त्यांस दादा म्हणतों) सहस्रचंद्रदर्शन येत्या माघांत आहे. त्या निमित्तानें त्यांच्या आठवणी, जुनीं छायाचित्रें, पत्रें आणि घराण्याची वंशावळ यांचीं पानें करून तीं घरांतील लहानथोरांस आपापल्या फोनवर पाहतां यावीं, असा बेत दोन वर्षांपूर्वीं आंखला. जगापुढें मांडावयाचीं नव्हतीं, घरचें घरांत. पुतण्याची मुलगी, म्हणजे माझी चुलत नात, पुण्यास अभियांत्रिकी शिकते. तिनें उन्हाळ्याच्या सुटींत घरच्या एका जुन्या लॅपटॉपवर उबुंटू नांवाची प्रणाली घालून तीवर अपाची हा सर्व्हर बसवून दिला. सर्व्हर म्हणजे काय हें तिनें मला एका वाक्यांत समजावून दिलें : "नानाआजोबा, हा पंगतींतला वाढपी. फोन पान मागतो, हा आंतून आणून वाढतो." या वाढप्यास उबुंटूवर स्वतःचें एक नांव असतें, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, आणि त्याला हेतुपुरस्सर अगदीं थोडे अधिकार दिलेले असतात. परका मनुष्य त्याच्याशीं बोलणार, तेव्हां त्याच्या कमरेला तिजोरीची किल्ली असूं नये, हा त्यांतील विचार.

आतां मुख्य गोष्ट. दादांच्या १९६३ सालापासूनच्या रोजनिशा आहेत. त्यांना कसर लागूं लागली म्हणून त्यांचींहि छायाचित्रें घेऊन ठेवावीं असें ठरलें. दादा राजी झाले, पण एका अटीवर. "आठवणी सगळ्यांच्या, रोजनिशी माझी. मी आहें तोंवर ती कोणी वाचावयाची नाहीं. पुढचें तूं पाहा." मीं शब्द दिला. पान दादांनीं उलटावें आणि बटण मीं दाबावें, असें दोन महिने चाललें. त्यांचें अक्षर असें कीं, न वाचण्याचा निग्रह मला फारसा जड गेला नाहीं. नातीनें रोजनिशीचा कप्पा (संगणकाच्या भाषेंत फोल्डर) निराळा करून त्यावर ७०० असा आंकडा घातला आणि म्हणाली, "आतां हा तुमच्या खात्याशिवाय कोणालाच उघडायचा नाहीं."

या आंकड्यांचें मूळ जाणून घेण्यासारखें आहे. अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमध्यें केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं यूनिक्स ही प्रणाली रचण्यास आरंभ केला. त्या काळीं संगणक एक आणि वापरणारे अनेक. म्हणजे आमच्या वाड्यासारखीच स्थिति. म्हणून प्रत्येक वस्तूच्या बाबतींत तीन प्रकारचीं माणसें मानलीं गेलीं : मालक, मालकाच्या मंडळींतील, आणि इतर. वाचण्याच्या परवानगीला ४, लिहिण्याच्या परवानगीला २ आणि चालविण्याच्या परवानगीला १ असे गुण; त्यांची बेरीज करून तिघांचे तीन आंकडे ओळीनें लिहावयाचे. ७५५ म्हणजे मालकास सर्व कांहीं, मंडळीस व इतरांस वाचणें आणि चालविणें. ७०० म्हणजे मालकास सर्व, बाकीच्यांस शून्य. ही रीति आजच्या उबुंटूंतहि तशीच चालू आहे.

यांत मला सर्वांत अडखळविलें तें 'चालविणें' या शब्दानें. फाइल चालवितात हें समजतें, कप्पा कसा चालवावयाचा ? कप्प्याच्या बाबतींत त्याचा अर्थ ओलांडणें असा आहे. कप्प्यास ४ असेल तर आंत काय आहे त्याची यादी वाचतां येते. १ असेल तर उंबरा ओलांडून आंत पाऊल टाकतां येतें. यादी वाचावयास मिळते पण आंत जातां येत नाहीं, किंवा यादी दिसत नाहीं पण नांव ठाऊक असलेली वस्तु आंत जाऊन आणतां येते, असे दोन्ही प्रकार संभवतात. आणि पानापर्यंत पोहोंचावयाचें तर वाटेवरचा प्रत्येक उंबरा ओलांडतां आला पाहिजे. देवघर सताड उघडें आहे, पण दिंडी दरवाजाला अडसर असेल, तर दर्शन कसें घडणार ?

तर हें सर्व जुन्या लॅपटॉपवर वर्षभर सुरळीत चाललें. पावसाळ्यांत त्यानें मान टाकली. नवा घेतला, त्यावर उबुंटूची नवी आवृत्ति घातली, आणि सारे कप्पे कुलुपांसकट जशेच्या तसे त्यावर हलविले. सर्व्हरच्या जुन्या सूचनाहि अक्षरशः उतरून घेतल्या. हें मीं एकट्यानें केलें, आणि त्याचा थोडा अभिमानहि वाटला. मग फोनवर पत्ता लिहिला, तों उत्तर आलें : ४०३, मनाई आहे.

हे आंकडे पत्त्यावरून परत आलेल्या पत्राच्या शेऱ्यांसारखे असतात. ४०४ म्हणजे 'या नांवाचें येथें कोणी राहत नाहीं.' ५०० म्हणजे 'स्वयंपाकघरांतच कांहीं उलथलें आहे.' ४०३ मात्र या दोहोंहून अपमानकारक. 'तुमचें म्हणणें समजलें, परंतु तें देण्यांत येणार नाहीं.' पानें माझीं, संगणक माझा, वीज माझी, आणि मलाच मनाई ! दोन दिवस मी त्या आंकड्याकडे पाहत बसलों. नातीची परीक्षा चालू होती म्हणून तिला फोन केला नाहीं. पुतण्या पुण्यास नोकरी करतो, त्याला विचारलें. तो कामाच्या घाईंत होता. म्हणाला, "नानाकाका, तुमच्या सगळ्या कप्प्याला ७७७ देऊन टाका, आंतल्यासकट. होऊन जाईल."

खरेंच झालें ! एका ओळीची आज्ञा दिली आणि पानें झळकूं लागलीं. मीं त्या दिवशीं सर्वांस ओसरीवर बोलावून दाखविलीं. ७७७ म्हणजे काय हें वरील हिशेबावरून वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल : मालकास, मंडळीस आणि जगांतील कोणा इतरास, सर्वांना वाचण्याची, लिहिण्याची आणि आंत शिरण्याची मोकळीक. 'आंतल्यासकट' म्हटलें म्हणजे प्रत्येक कपाटाचें प्रत्येक कुलूप काढून फेंकलें. हिशेब मला त्या दिवशींहि येत होता. रोजनिशीचें ७०० त्यांतच गेलें हें मला कळावयास हवें होतें. मीं पाहिलें नाहीं एवढेंच. दुसऱ्या दिवशीं एक अपशकुनहि झाला. पुण्याच्या एका संगणकावर प्रत ठेवण्यासाठीं एसएसएच नांवाची जी वाट नातीनें करून दिली होती, ती एकाएकीं बंद पडली. 'तुमच्या किल्लीची फाइल सर्वांना उघडी आहे, अशी किल्ली मी वापरणार नाहीं' असें ती सांगत होती. यंत्रानें इतकें स्पष्ट बजावलें असतांना मीं तें 'मागाहून पाहूं' म्हणून सोडून दिलें.

चौथ्या दिवशीं दुपारीं मी चहाला स्वयंपाकघरांत गेलों. वहिनी एकट्याच होत्या. आधण ठेवतां ठेवतां, माझ्याकडे न पाहतां त्यांनीं विचारलें, "भावजी, माझ्या पाटल्या तुमच्या कॉलेजच्या फीला गेल्या होत्या होय ?"

मला कांहींच कळेना. त्यांनीं टॅब पुढें सरकविला. दादांचें अक्षर, जुलै १९७६. त्या सालीं मी मॅट्रिक होऊन अध्यापक विद्यालयांत दाखल झालों होतों. फी दादांनीं भरली एवढेंच मला ठाऊक होतें. त्यांच्या कारकुनीच्या पगारांत ती कशी भरली, हें विचारण्याची बुद्धि तेव्हां झाली नाहीं आणि पुढें कधींच झाली नाहीं. वहिनींना मात्र असें सांगितलें गेलें होतें कीं, पाटल्या आटवून नव्या करावयास दिल्या आणि सोनारानें सोनें खाल्लें. त्या सोनाराच्या दुकानाची पायरी वहिनी पुन्हां चढल्या नाहींत. त्याच्या घरच्या हळदीकुंकवाचें बोलावणें येई, त्या जात नसत. तो वारला तेव्हां वहिनी काय म्हणाल्या होत्या तें मला आठवतें, पण तें येथें लिहीत नाहीं.

"मी दादांचा लग्नांतला फोटो पाहत होतें," त्या म्हणाल्या, "खालीं 'रोजनिशी' म्हणून दिसलें. ह्यांचें अक्षर मला वाचतां येतें." पन्नास वर्षें त्यांच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या वाचलेल्या; न येऊन करते काय ? एरवीं तें नांव यादींत उमटलेंच नसतें. ज्या वस्तूस या वाढप्याला हात लावतां येत नाहीं, तिचें नांवहि तो यादींत घालीत नाहीं, अशी अपाचीची नेहमींची रीति आहे. माझ्या ७७७ नें तेंहि झांकण काढलें.

मीं चहा घेतला नाहीं. नातीला फोन केला. ती शनिवारच्या पहिल्या गाडीनें आली.

तिनें आल्याबरोबर प्रथम वाढप्यास रजा दिली, म्हणजे सर्व्हर थांबविला. "आधीं वाढणें बंद, मग कोणतें कपाट कोणाचें तें बघूं." नंतर माझा पहिला प्रश्न होता, आणखी कोणी वाचलें ? याचें उत्तर मिळतें हें मला माहीत नव्हतें. अपाची दोन वह्या लिहीत असतो. एकींत कोणत्या पत्त्यावरील यंत्रानें कोणत्या वेळीं कोणतें पान मागितलें याची नोंद, दुसरींत चुकांची नोंद. पहिल्या वहींत रोजनिशीचा शब्द शोधला, तों एकाच यंत्राच्या नांवावर दोन संध्याकाळीं मिळून चौदा पानें निघालीं. तें यंत्र वहिनींचा टॅब. दुसऱ्या कोणीहि, मुलांपैकीं कोणीहि, त्या कप्प्याकडे वळलें नव्हतें. जीव थोडा भांड्यांत पडला. परंतु वहिनी रात्रीं आठापासून सव्वानऊपर्यंत काय वाचीत होत्या हें मिनिटामिनिटानें आपण पाहत आहों, याची लाजहि वाटली. वही मिटावयास सांगितली.

मग मूळ दुखण्याचा शोध. नातीचें म्हणणें असें कीं, मूळ ४०३ कशामुळें आलें हें कळल्याशिवाय औषध दिलें, हीच चूक. तिनें माझा गृहकप्पा पूर्वीं होता तसा ७५० वर नेला, सर्व्हर केवळ याच यंत्रापुरता चालू केला, आणि ४०३ पुन्हां आणून दाखविलें. 'याच यंत्रापुरता' हाहि एक धडा. प्रत्येक यंत्राला स्वतःशींच बोलण्यासाठीं १२७.०.०.१ हा पत्ता असतो. सर्व्हरला फक्त त्या पत्त्यावर कान देण्यास सांगितलें तर घरांतील दुसऱ्या कोणत्याहि फोनला तो ऐकूंच जात नाहीं. काम अर्धवट असतांना असेंच ठेवावें, आणि सर्व जुळल्यावर घरास उघडावें. मीं पहिल्या दिवसापासून साऱ्या वायफायला तें खुलें ठेवलें होतें.

नंतर तिनें चुकांची वही उघडली आणि शेवटची ओळ मला मोठ्यानें वाचावयास लावली, जशी मी एके काळीं मुलांस लावीत असें. क्रमांक एएच०००३५, 'मार्गांतील एका घटकावर शोधाची परवानगी नाहीं.' पानावर नव्हे, मार्गांतील एका घटकावर ! मीं दोन दिवस ४०३ कडे टक लावून बसलों, आणि कारण शेजारच्या वहींत एका ओळींत लिहून ठेवलेलें होतें. कोणता घटक, हें पाहण्यास नेमआय नांवाची एक आज्ञा आहे. तिला 'एल' हें अक्षर आणि पानाचा पूर्ण पत्ता दिला कीं मुळापासून पानापर्यंत प्रत्येक दाराचा मालक, मंडळी आणि परवानगी ती एकाखालीं एक छापते. तेथें स्पष्ट दिसलें. आंतील सर्व दारें वाढप्याला उघडीं. फक्त माझ्या गृहकप्प्याचें दार ७५०, म्हणजे इतरांस शून्य. आणि वाढपी तर 'इतरां'तलाच. जुन्या लॅपटॉपवर हेंच दार ७५५ होतें. उबुंटूच्या कर्त्यांनीं २०२१ सालच्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्यांचे गृहकप्पे ७५० नें बंद ठेवण्याचें ठरविलें, आणि तें योग्यच केलें. माझे कप्पे जुने, सूचना जुन्या, पण वाडा नवा. त्याचा दिंडी दरवाजा आतां आपोआप लागत होता.

औषध एवढेंच होतें : त्या एका दारावर वाढप्याला ओलांडण्यापुरता १ द्यावयाचा. मीं वाड्याच्या भिंतीच पाडल्या होत्या.

परंतु नातीला हा उपायहि पसंत नव्हता. घरच्या माणसाच्या खोलींतून वाढप्याची ये-जा असूंच नये, असें तिचें मत. म्हणून 'आठवणी'चीं पानें तिनें माझ्या गृहकप्प्यांतून काढून एसआरव्ही या सार्वजनिक कप्प्यांत नेलीं. माझ्याकडे जें उरलें त्यांतील कप्पे निराळे आणि फाइली निराळ्या वेचून कप्प्यांस ७५५, फाइलींस ६४४ असे आंकडे घातले. दोहोंस एकच आंकडा घालूं नये. फाइलीला ओलांडावयाचें कांहींच नसतें. किल्ल्यांच्या कप्प्यास ७०० आणि किल्लीस ६०० दिले, तेव्हां पुण्याची वाटहि सुरू झाली. मग मोठ्या उमेदीनें पान मागितलें, तों पुन्हां ४०३ !

या वेळीं मात्र मी शहाणा झालों होतों. आपण होऊन वही उघडली. शेवटची ओळ निराळी होती : एएच०१६३०, 'सर्व्हरच्या सूचनांप्रमाणें मनाई.' लक्षण तेंच, आजार दुसरा. पहिल्या खेपेस वाटेवरचें दार बंद होतें; या खेपेस दारें उघडीं, पण वाढप्यालाच त्याच्या धन्यानें 'तिकडून कांहीं आणावयाचें नाहीं' असें सांगून ठेवलें होतें.

अपाचीच्या सूचनांची ही रचना पाहून मला पाणिनीची आठवण झाली. वैयाकरण उत्सर्ग आणि अपवाद असा भेद करतात. सामान्य नियम प्रथम, आणि विशेष स्थळीं त्याला बाधणारा विशेष नियम. शिवाय अधिकारसूत्र एकदां उच्चारलें कीं पुढील सूत्रांत त्याची अनुवृत्ति चालूं राहते. अपाचीचेंहि तसेंच आहे. उबुंटूवरील मूळ सूचनांत सबंध डिस्कला 'सर्वांस मनाई' असा उत्सर्ग घातलेला असतो. तो खालच्या सर्व कप्प्यांत अनुवृत्त होतो. मग ठरलेल्या एकदोन कप्प्यांपुरता 'सर्वांस मोकळीक' असा अपवाद येतो. आणि लांब पत्त्याची सूचना आंखूड पत्त्याच्या सूचनेनंतर विचारांत घेतली जात असल्यामुळें तोच बलवान ठरतो. आमच्या नव्या एसआरव्हीमधील कप्प्यास असा अपवाद कोणीं लिहिलाच नव्हता. 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' हे तीन शब्द त्या कप्प्याच्या नांवानें लिहिले. (२०१२ सालच्या २.४ आवृत्तीपूर्वीं हीच गोष्ट निराळ्या शब्दांनीं लिहीत. जुनें टिपण पाहून उतरणाऱ्यानें एवढें जपावें. दोन पिढ्यांचे शब्द एकत्र मिसळले म्हणजे गोंधळ होतो.) त्याच वेळीं 'इंडेक्सेस' हा शब्द काढून टाकला, म्हणजे मुखपृष्ठ नसेल तर कप्प्याची यादी उघड्यावर मांडण्याची संवय मोडली.

तरीहि ४०३. येथें मी हंसलों, नात चिडली. सूचना तपासण्याची आज्ञा दिली तर 'वाक्यरचना शुद्ध' असें उत्तर. शुद्ध असणारच. 'अग्नीनें शिंपतो' हें वाक्यहि व्याकरणानें शुद्ध आहे. नैयायिक त्यांत योग्यता नाहीं म्हणून तें नाकारतात, तो भाग वेगळा. तपासणारें यंत्र योग्यता पाहत नाहीं. पण या वेळीं दोष योग्यतेचाहि नव्हता. सूचना लिहिल्या होत्या, पण वाढप्यानें त्या अजून वाचल्याच नव्हत्या. तो चालू होतांना एकदां वाचतो आणि पुढें तेंच स्मरणांत ठेवून वागतो. 'पुन्हां वाच' म्हटल्यावर पान आलें. दुपारचे तीन वाजले होते. आम्ही दोघेंहि जेवलों नव्हतों.

रोजनिशीचें मग काय ? तिचा कप्पा वाढप्याच्या राज्यांतून सर्वस्वीं बाहेर काढला. आतां कोणत्याहि फोनवर तिचा जुना पत्ता लिहिला तर ४०३ नाहीं, ४०४ येतें. एक गोष्ट मात्र नातीनें लपविली नाहीं. संगणकाचा मुख्य कारभारी, ज्याला रूट म्हणतात, त्याच्यापुढें ७०० काय किंवा शून्य काय, या आंकड्यांनीं एकहि दार बंद होत नाहीं. आणि रूटचा शब्द तिला आणि मला ठाऊक आहे. दादांस हेंहि सांगावयाचें, असें आम्ही ठरविलें.

संध्याकाळीं दादा ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मीं सर्व सांगितलें. ७७७ माझ्या हातानें दिलें हें आधीं सांगितलें. त्यांनीं मध्येंच विचारलें, "किती पानें ?"

"चौदा."

"कोणत्या सालचीं ?"

"शहात्तर."

त्यांनीं चष्मा काढून घडी करून ठेवला. "सोनाराचें वाचलें तिनें ?"

"होय."

बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. नात माझ्यामागें उभी होती ती आंत निघाली, तिला त्यांनीं हातानें थांबविलें. "एक्याऐंशीचें तिनें वाचलें नसेल मग," ते म्हणाले. "एक्याऐंशी सालीं मी त्या सोनाराकडे जाऊन सगळें सांगून आलों होतों. तो काय म्हणाला तें लिहून ठेवलेलें आहे. तिला सांगायचें धैर्य पुढेंहि झालें नाहीं." मग नातीकडे वळून म्हणाले, "असें करतां येतें का गं, कीं फक्त तिला वाचतां येईल ? बाकी कोणाला नाहीं. नानालाहि नाहीं."

"येतें, आजोबा," ती म्हणाली. रूटचीहि गोष्ट तिनें सांगितली. दादा म्हणाले, "तें असूं दे. पहिल्यानेंहि नानाच्या शब्दावरच दिलें होतें." मला त्या वेळीं वर पाहवेना.

तिनें त्याच रात्रीं लॅपटॉपवर दोन नवीं खातीं काढलीं, एक दादांचें, एक वहिनींचें. आणि दोघांचीच एक मंडळी केली. कप्पा दादांच्या मालकीचा, ७५०, पानें ६४०. म्हणजे दादांस वाचणें-लिहिणें, वहिनींस वाचणें, इतरांस कांहीं नाहीं. माझें खातें आतां इतरांत मोडतें. पहिल्या प्रयत्नास वहिनींनाहि नकार आला. मंडळींत नांव घालण्यापूर्वींच त्या आंत येऊन बसल्या होत्या, आणि नवें नांव लागू होण्यास एकदां बाहेर पडून पुन्हां यावें लागतें. "म्हणजे माहेरीं जाऊन यायचें," वहिनी म्हणाल्या. त्या आठवड्यांत त्या प्रथमच हंसल्या.

आतां रोज दुपारीं, आंवराआंवर झाली कीं, त्या लॅपटॉप घेऊन माजघरांत बसतात. क्रम सोडून वाचणार नाहीं म्हणतात; एक्याऐंशी आधीं काढून देऊं का, असें नातीनें विचारलें होतें, तर नको म्हणाल्या. परवां सहज विचारलें, तेव्हां १९७९ च्या दिवाळीपर्यंत आल्या होत्या.